आधी चिकन, मग भाजी, शेवटी नूडल्स

हे बघ बाळ, तू अमेरिकेत जिथे राहशील तिथून जवळपास एक चायनीज टेकआऊट असणारच. न्यू जर्सी असो, ओहायो असो की टेक्ससमधलं एखादं विद्यापीठाचं गाव. दिवसभर लॅबमध्ये उभी राहून तू रात्री नऊला परतशील, फ्रीजमध्ये दही आणि अर्धा कांदा असेल, आणि हात आपोआप फोनकडे जाईल. जाऊ दे. त्यात काही वावगं नाही. मला एवढंच वाटतं की तिथे काय मागवायचं, त्यातलं किती खायचं आणि सुट्टीच्या दिवशी तेच घरी कसं करायचं, हे तुला नीट ठाऊक असावं. चिकन चाऊ मेन आणि चिकन लो मेन यांच्याबद्दल इथल्या आपल्या लोकांत दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘जंक फूड आहे, हात लावू नकोस.’ दुसरं, ‘आपल्याकडच्या हक्का नूडल्सची सर नाही.’ मला दोन्ही मान्य नाहीत. चिकन, कोबी, मुगाचे मोड, कांद्याची पात आणि गव्हाच्या नूडल्स मोठ्या आचेवर परतल्या की चांगलं जेवण होतं. ते बिघडतं प्रमाणात आणि मिठात, आणि या दोन्ही गोष्टी तुझ्या हातात आहेत.

पहिली गोष्ट नीट ऐकून ठेव, कारण इथे नवी माणसं हमखास गोंधळतात. चाऊ मेन मागवलं की काय येईल ते तू कुठल्या किनाऱ्यावर आहेस त्यावर ठरतं. कॅलिफोर्नियात चाऊ मेन म्हणजे कढईत परतलेल्या मऊ नूडल्स, आपल्या डोळ्यांसमोर येतात तशाच. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या जुन्या टेकआऊटमध्ये चाऊ मेन मागशील तर सेलरी, कोबी, मोड आणि चिकनचं पांढरट रश्शातलं कालवण येईल, सोबत भात आणि तळलेल्या कुरकुरीत नूडल्सची वेगळी पिशवी. इकडे मऊ नूडल्स हव्या असतील तर लो मेन मागायचं. लो मेनमध्ये नूडल्स आधी उकडून ठेवलेल्या असतात. चिकन-भाजी परतली की त्या शेवटी घालून सॉसमध्ये घोळवतात, म्हणून त्या ओलसर लागतात. चाऊ मेनच्या नूडल्स मात्र कढईला चिकटून थोड्या खरपूस व्हाव्या लागतात. हाँगकाँग पद्धतीचं चाऊ मेन मिळालं तर एकदा तरी खा. त्यात बारीक नूडल्सची चकती दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजलेली असते आणि वरून चिकन-भाजीचा रस ओतलेला असतो. कडेच्या नूडल्स कडक राहतात, मधल्या रस पिऊन मऊ होतात. माझ्या मते या सगळ्या प्रकारांत चवीला हाच सरस.

मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हर नावाचं गाव आहे, जुन्या कापडगिरण्यांचं. तिथे चाऊ मेन बर्गरच्या पावात घालून वर तपकिरी ग्रेव्ही ओतून देतात. त्यासाठी लागणाऱ्या नूडल्स ओरिएंटल चाऊ मेन कंपनी १९३८ पासून त्याच गावात बनवते. मिनेसोटाकडच्या मध्य पश्चिमेत चाऊ मेन बराच काळ डब्यातून घरोघर पोचलं. ला चॉय ही कंपनी १९२२ मध्ये डेट्रॉइटला निघाली, आणि चुन किंग १९४० च्या दशकात डुलूथमध्ये एका इटालियन वंशाच्या उद्योजकाने उभी केली. किराणा दुकानात त्या कुरकुरीत नूडल्सचा डबा दिसला तर सॅलडवर भुरभुरवायला घे, जेवणासाठी घेऊ नकोस. त्या तळलेल्या असतात आणि त्यांत पोटाला आधार काही नसतो.

हे अन्न कोणी घडवलं तेही तुला ठाऊक असायला हवं. १८४९ च्या सोन्याच्या शोधात आणि नंतर रेल्वेच्या कामावर इथे जे चिनी लोक आले, त्यांतले बरेचसे दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले, त्यातही तैशान भागातले. १८६९ मध्ये खंडाच्या आरपार जाणारी रेल्वे पुरी झाली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. व्यापाऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. १९१५ मध्ये एका फेडरल न्यायालयाने रेस्टॉरंटच्या मालकांनाही व्यापारी मानलं, आणि त्यानंतर चिनी खाणावळी झपाट्याने वाढल्या. भाऊ, पुतण्या, मेहुणा यांना इथे आणायचं तर कायद्याने उघडा राहिलेला तो एक मार्ग होता. गिऱ्हाईक गोरं, भांडवल थोडं, गावाकडचा भाजीपाला मिळत नाही, अशा अवस्थेत त्यांनी सेलरी आणि इथला कोबी वापरून चाऊ मेन बसवलं. माँटाना राज्यातल्या ब्यूट या खाणींच्या गावात पेकिन नूडल पार्लर १९११ पासून चालू आहे, एकाच कुटुंबाच्या हातात. तांब्याच्या खाणीतले कामगार तिथे नूडल्स खायला येत. बंदीचा तो कायदा १९४३ मध्ये उठला, पण खरी दारं उघडली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. त्याच कायद्याने आपल्याकडचे डॉक्टर आणि इंजिनिअर इथे आले, म्हणजे तुझा काका आणि मी. म्हणून टेकआऊटच्या काउंटरवर उभी राहशील तेव्हा ‘हे काही खरं चायनीज नव्हे’ असं म्हणू नकोस. चार-पाच पिढ्यांनी या मातीत पिकवलेलं हे अन्न आहे, आणि ते खरंच आहे.

आता पोषणाचं. अंगी लागावं असं यात पुष्कळ आहे. शिजवलेल्या, कातडी काढलेल्या १०० ग्रॅम चिकन ब्रेस्टमध्ये सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं आणि १६५ कॅलरी असतात. मांडीच्या मांसात प्रथिनं साधारण २५ ग्रॅम, चरबी ब्रेस्टच्या दुपटीहून जास्त, पण लोह आणि जस्तही जास्त. मुलींनी मांडीचं मांस टाळू नये असं मी म्हणते ते त्यासाठी. शिजलेल्या अंड्याच्या नूडल्स १०० ग्रॅमला १४० च्या आसपास कॅलरी देतात, त्यात प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. कोबीत क जीवनसत्त्व असतं आणि झटपट परतल्याने ते उकडण्यापेक्षा जास्त टिकतं. बॉक चॉय ही चिनी पालेभाजी मिळाली तर आवर्जून घाल, कारण तिच्यातलं कॅल्शियम शरीराला चांगलं लागू पडतं. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण ऑक्झलेटमुळे ते फारसं शोषलं जात नाही. शिटाके मशरूम, गाजर, स्नो पी, मोड, यातलं काही ना काही टेकआऊटच्या कढईत असतंच.

मग बोंब कुठे होते? डबा उघड आणि बघ. क्वार्टचा डबा म्हणजे जवळजवळ एक लिटर, आणि त्यात तीन हिस्से नूडल्स, एक हिस्सा चिकन-भाजी. नूडल्स स्वस्त, चिकन महाग, हा धंद्याचा सरळ हिशोब आहे. तो सगळा डबा एकटीने संपवलास तर कॅलरी सहज हजाराच्या घरात जातात. तो एका माणसाचा डबा नाहीच, निदान दोघांचा आहे.

मिठाचं दुखणं याहून मोठं. इथल्या आहारविषयक शिफारशींत सोडियमची दिवसाची मर्यादा २,३०० मिलिग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना २,००० च सांगते. एक मोठा चमचा साधा सोया सॉस म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम. ऑयस्टर सॉसच्या एका चमच्यात साधारण ५००. टेकआऊटच्या एका डब्यात दोन्ही सढळ हाताने पडतात, शिवाय चिकनच्या मसाल्यात आणि रश्शात वेगळं मीठ. वॉशिंग्टनमधल्या ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ग्राहकसंस्थेने १९९३ मध्ये चायनीज रेस्टॉरंटमधल्या पदार्थांची तपासणी करून हेच दाखवलं होतं, की कित्येक पदार्थांच्या एका ताटात दिवसभराहून जास्त मीठ जातं. तेव्हा फार गदारोळ झाला. चायनीजच काय, इथल्या बहुतेक रेस्टॉरंटमध्ये मिठाची हीच कथा आहे. पण जे आहे ते आहे, आणि रक्तदाब आपल्या घराण्यात आहे हे तू जाणतेस.

अजिनोमोटोची, म्हणजे एमएसजीची, भीती मात्र मनातून काढून टाक. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रसातून त्याची चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. १९६८ मध्ये एका डॉक्टरांचं एक पत्र वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, चायनीज जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं, असं. तेवढ्यावर सगळ्या अमेरिकेने चिनी स्वयंपाकघराला दोषी ठरवलं. पुढे काय दिलंय हे कोणालाच कळू न देता नीट चाचण्या झाल्या, तेव्हा जेवणात पडतं त्या प्रमाणात असा त्रास सातत्याने आढळला नाही. इथलं अन्न-औषध प्रशासन त्याला सुरक्षित मानतं. टोमॅटोत आणि परमेजान चीजमध्ये तेच ग्लुटामेट निसर्गतःच असतं, आणि ते खाऊन कोणी तक्रार करत नाही. उलट एक उपयोगाची गोष्ट सांगते. मिठात सोडियम ३९ टक्के, एमएसजीत १२ टक्के. चिमूटभर एमएसजी घालून मीठ आणि सोया सॉस कमी केलास तर एकूण सोडियम खाली येतं आणि चव पडत नाही. ज्यांना खाऊन खरंच त्रास होतो त्यांनी टाळावं. भीतीपोटी मात्र कोणी टाळू नये.

मागवताना काय सांगायचं ते आता पाठ कर. ‘भाज्या जास्त, नूडल्स कमी, सॉस कमी.’ एवढं म्हटलंस तर बहुतेक ठिकाणी करून देतात, फार तर एक-दोन डॉलर जास्त घेतील. ब्रॉकोली किंवा मिश्र भाज्यांचा एक वाफवलेला डबा सोबत घ्यायचा आणि घरी आल्यावर लो मेनमध्ये मिसळायचा, ही युक्ती मी नेहमी वापरते. लो मेनचा एक डबा तिघांना पुरतो आणि माणशी मीठ खाली येतं. एग रोल आणि गोड सोडा सोडून दे, गरम चहा पी. डब्यातल्या सोया सॉसच्या पुड्या उघडूच नकोस. ऑयस्टर सॉस कालवांचा असतो, तेव्हा तुझ्या मैत्रिणीला शिंपल्यांची अॅलर्जी असेल तर आधी विचार. नूडल्स गव्हाच्या, सोया सॉसमध्येही गहू, हेही ग्लुटेन टाळणाऱ्याला सांग. जे डुक्कर खात नाहीत त्यांनी कढई आणि रस्सा कशाचा ते विचारून घ्यावं, कारण ‘चिकन’ लिहिलेल्या पदार्थातही रस्सा पोर्कचा असू शकतो. विचारण्यात संकोच कसला.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी तुझ्याकडे येतील, तेव्हा बाबांची साखर लक्षात ठेव. त्यांच्यासाठी लो मेनपेक्षा इकडच्या पद्धतीचं चिकन चाऊ मेन बरं. त्यात चिकन आणि सेलरी-कोबी एकीकडे, भात आणि तळलेल्या नूडल्स दुसरीकडे, त्यामुळे पिष्टमय पदार्थ किती वाढायचा ते आपल्या हातात राहतं. टाइप २ मधुमेह असलेल्यांवरच्या अभ्यासांत असं दिसलं आहे की त्याच जेवणात भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली, भात-पाव शेवटी खाल्ला, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. म्हणून आमच्याकडे ताटात आधी चिकन, मग भाजी, शेवटी नूडल्स असा क्रम असतो. तुझ्या काकांना त्याची आता सवयच झाली आहे.

घरी करण्याचं शास्त्र मला आमच्या गावातल्या टेकआऊटच्या मालकीणबाईंनी दिलं. त्या तैशानकडच्या. दुपारी तीन ते पाच गिऱ्हाईक नसे, तेव्हा मला काउंटरच्या आत उभं राहू देत. सकाळीच नूडल्स उकडून, थंड पाण्याखाली धरून, तेलाचा हात लावून मोठ्या टोपात ठेवलेल्या असत. चिकनचे काप कॉर्नस्टार्च लावून, अर्धवट शिजवून वेगळ्या डब्यात. ऑर्डर आली की शेगडीची ज्वाळा कढईच्या काठापर्यंत चढे. डाव्या हातात कढईचा कान फडक्यात धरलेला, उजव्या हातात लांब दांड्याचा डाव. त्या डावाचं टोक एकदा सोयाच्या भांड्यात, एकदा मिठात, एकदा साखरेत, आणि तेवढ्यानेच अचूक माप होई. कोबी पडला की ‘चर्र’ असा आवाज सुटे. तो आवाज जरा मंदावला की त्या थांबत, कढई पुन्हा तापू देत, मग पुढचं. नूडल्स घातल्यावर एकदा, दोनदा उडवत आणि कडेने सॉस सोडत. सॉस नूडल्सवर कधी ओतला नाही, तापलेल्या लोखंडावर सोडला. तो तिथे क्षणात उकळून करपट-गोड वास येई आणि तो वास नूडल्सला लागे. तीन मिनिटांत डबा बंद. या वासाला आणि चवीलाच ग्वांगडोंगकडचे कॅंटोनीज लोक ‘वोक हे’ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेल्या ग्रेस यंग यांनी २००४ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

तुझ्या अपार्टमेंटच्या शेगडीत तेवढी आच नाही. रेस्टॉरंटची वोकची, म्हणजे चिनी कढईची, शेगडी घरच्या शेगडीच्या दहापट उष्णता देते. म्हणून घरी करायचं ते थोडं-थोडं करायचं, हा माझा सगळ्यात मोठा सल्ला. चौघी मैत्रिणी जेवायला आल्या तरी दोन घाणे काढ. सगळं एकदम घातलं की कढई थंड पडते, कोबीला पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी सगळं शिजत बसतं. चवीचं नव्वद टक्के नुकसान इथेच होतं.

दोघींपुरतं प्रमाण देते. १७० ग्रॅम ताज्या अंड्याच्या नूडल्स, आशियाई किराण्याच्या फ्रीजमध्ये मिळतात. त्या पिवळ्या दिसतात ते क्षारयुक्त पाण्यामुळेही, आणि त्यांचा चिवटपणाही त्याचाच. चिकनच्या मांड्या, हाडं-कातडी काढलेल्या, २५० ग्रॅम. भाज्या सगळ्या मिळून ४०० ग्रॅम, म्हणजे नूडल्सच्या दुपटीहून जास्त. हे प्रमाण काटेकोर पाळ, बाकी सगळं इकडेतिकडे झालं तरी चालेल. सॉससाठी एक मोठा चमचा सोया, एक ऑयस्टर, अर्धा चहाचा चमचा साखर, पांढरी मिरपूड, दोन चमचे पाणी. रंगासाठी डार्क सोया मिळाला तर त्यातलाच एक छोटा चमचा साध्याच्या जागी घाल. टेकआऊटच्या लो मेनचा तो तपकिरी रंग त्याचा असतो. असं केलंस तर माणशी साधारण सहाशे कॅलरी, ३० ग्रॅमहून जास्त प्रथिनं, आणि सॉसमधलं सोडियम सातशेच्या आसपास. नूडल्समध्ये स्वतःचं मीठ असतं ते वेगळं, म्हणून उकडताना पाण्यात मीठ घालू नकोस.

चिकन धुऊ नकोस. आपल्याकडे धुण्याची पद्धत आहे हे मला माहीत आहे, पण इथलं पॅकबंद चिकन नळाखाली धरलं की त्यातले जंतू सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात, म्हणून इथलं कृषी खातं धुऊ नका असंच सांगतं. कागदी रुमालाने टिपून घे. मग फ्रीझरमध्ये वीस मिनिटं ठेव, सुरी छान चालते. मांसाच्या दोऱ्या कुठल्या दिशेने जातात ते बघ आणि त्यांना आडवं काप, पातळ. त्याला एक चमचा कॉर्नस्टार्च (आपण कॉर्नफ्लोअर म्हणतो तेच), एक छोटा चमचा सोया, एक छोटा चमचा तेल आणि थोडं पाणी लावून पंधरा मिनिटं मुरू दे. हॉटेलात हे काप तेलातून काढतात. तू मंद उकळत्या पाण्यात चमचाभर तेल टाकून त्यात अर्धा मिनिट सोड, काप पांढरे झाले की झाऱ्याने काढून निथळव. मांस रेशमासारखं मऊ राहतं आणि तळण वाचतं. ब्रेस्ट वापरायचं असेल तर ही पायरी चुकवूच नकोस.

नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा अर्धा-एक मिनिट आधी काढ, थंड पाण्याने धू, आणि मग त्यांना चांगलं सुकू दे. स्वच्छ फडक्यावर पसरून दहा मिनिटं. ओल्या नूडल्स कढईला चिकटतात आणि तुटतात. भाज्याही धुऊन कोरड्या कर. कापणं, मोजणं, सॉस कालवणं सगळं आधी, कारण कढई एकदा तापली की सुरी हातात घ्यायला वेळ नसतो. कढई नॉनस्टिक नको. रिकामी फार तापली की तिच्या लेपातून घातक वाफ निघते. साध्या लोखंडाची, सपाट बुडाची चौदा इंची कढई घे. तीही नसेल तर बिडाचा जड तवा उत्तम. खिडकी उघड, एक्झॉस्ट लाव, नाहीतर धुराची घंटा वाजून शेजारी गोळा होतील.

कढई आधी कोरडीच तापव, पाण्याचा थेंब टाकल्यावर क्षणात उडाला पाहिजे. मग शेंगदाण्याचं तेल एक मोठा चमचा, कडेने. कॅंटोनीज स्वयंपाकात तेच तेल परंपरेने वापरतात आणि आपल्या घरीही तेच. आलं-लसूण दहा सेकंद. चिकन पसरून घाल आणि एक मिनिट त्याला हात लावू नकोस, खालून रंग येऊ दे. मग परतून काढून ठेव. पुन्हा थोडं तेल, गाजर आणि कोबी, मग मऊ भाज्या. मोड आणि पात सर्वांत शेवटी. नूडल्स घालून दोन चिमट्यांनी वर-खाली कर, चिकन परत घाल, सॉस कडेने सोड. चिकनचा जाडसर तुकडा तोडून आत बघ, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस, इथल्या भाषेत १६५. गॅस बंद केल्यावर अर्धा छोटा चमचा तिळाचं तेल. हे चिनी दुकानातलं भाजलेल्या तिळांचं गडद तेल, वासासाठी आहे, परतण्यासाठी नाही. शेजवान चटणी पहिल्या वेळी तरी बाजूला ठेव. पांढऱ्या मिरीची, आल्याची आणि करपट सोयाची चव एकदा तशीच घेऊन बघ, ती सौम्य असली तरी भरलेली असते.

थँक्सगिव्हिंगला कोणाच्या तरी घरून उरलेल्या टर्कीची पिशवी हातात पडेलच. टर्की कोरडी लागते म्हणून आपली मुलं टाकून देतात. टाकू नकोस. तिचे दोरे सोडवून, कॉर्नस्टार्च वगैरे काही न लावता, नूडल्सबरोबर अगदी शेवटी घाल आणि सॉसमध्ये दोन चमचे रस्सा वाढव. ती शिजलेलीच असते, फक्त वाफाळेपर्यंत तापायला हवी. आणि चायनाटाऊनला गेलीस तर काचेमागे टांगलेलं भाजलेलं बदक अर्धं घे. त्याची कातडी आणि चरबी भरपूर असते, म्हणून नूडल्समध्ये तेल घालायचंच नाही, बदकाच्या कातडीचे तुकडे आधी कढईत सोडले की त्यांचंच तूप सुटतं. हे सणावारी खायचं. बदकाचं मांस चिकनपेक्षा लोहाने श्रीमंत, पण चरबीही तशीच.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. डबा रात्रभर टेबलावर राहिला तर सकाळी वास चांगला असला तरी फेक. काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. मायक्रोवेव्हपेक्षा तव्यावर चमचाभर पाणी शिंपडून गरम केलेलं लो मेन जास्त चांगलं लागतं. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर त्या घडीच्या कागदी डब्याची तार काढल्याशिवाय आत ठेवू नकोस. आणि सकाळी डबा भरताना त्यात मूठभर कच्चा कोबी किंवा मोड मिसळ, कुरकुरीतपणा परत येतो आणि घास वाढतात.

आठवड्यातून एकदा बाहेरचं, एकदा घरचं, एवढं खुशाल खा. बाहेरचं घेशील तेव्हा काउंटरवरच्या माणसाला टिप दे, आणि घरचं पहिल्यांदा करशील तेव्हा लो मेनच कर, चाऊ मेनचा खरपूसपणा हात बसल्यावर. मांड्यांचं चिकन आणि बॉक चॉय शनिवारी सकाळीच आण, ताजं मिळतं.